दवाखाना आणि घर यांच्या मधलं घर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मनाच्या आजारानं कुणी फार बिघडलं की दबक्या आवाजात एवढंच सांगितलं जायचं, ‘त्याला धारवाडला नेलंय.’ कशासाठी नेलं, हे कुणी विचारत नसे. गावाचं नावच आजाराचं नाव होऊन बसलं होतं. माणूस परत आला की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘बरा झाला का?’

या प्रश्नातच एक अडचण आहे. ताप उतरला की माणूस बरा होतो. स्किझोफ्रेनियासारख्या लांबलेल्या आजारात तसं होत नाही. तिथं मराठीतला ‘सावरणं’ हा शब्द जास्त खरा वाटतो. सावरायला वेळ लागतो, कुणाचा तरी हात लागतो आणि सावरलेला माणूस पुन्हा एकदा अडखळला म्हणून आधीचं सगळं वाया जात नाही. दवाखाना आणि घर यांच्या मध्ये राहून सावरण्याची जागा, म्हणजे हाफवे होम किंवा गटानं राहण्याचं घर, ही कल्पना आपल्या भागात इतकी उशिरा का पोचली, ते पाहायला मागं जावं लागतं.

धारवाडचं मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातलं. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे सगळे जिल्हे मुंबई इलाख्यात होते आणि पुणे, रत्नागिरी, धारवाड इथली वेड्यांची इस्पितळं एकाच सरकारची. आधी १८५८ चा आणि नंतर १९१२ चा कायदा होता. दोन्हींचा भर रुग्णाला इस्पितळात ठेवण्यावर होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की माणूस आत जायचा, बहुतेकदा पोलिसांबरोबर. बाहेर आल्यावर त्याचं काय व्हायचं, याचा विचार त्या कायद्यांत जवळजवळ नव्हताच.

इस्पितळाच्या कितीतरी आधीपासून लोक देवस्थानाकडं जात. नृसिंहवाडीला किंवा गाणगापूरला दिवसचे दिवस मुक्काम, पहाटे नदीत स्नान, प्रदक्षिणा, प्रसाद, आणि घरातलं एक माणूस सतत सोबत. याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. ठरलेला दिनक्रम, हालचाल, आपली भाषा, आपल्या माणसाची सोबत, हे सगळं सावरायला खरोखर लागतं. त्याच वाटेवर उपचाराला वर्षानुवर्षं उशीर झाला, मारहाण झाली, काही ठिकाणी पायात साखळदंड पडले, हेही तितकंच खरं. त्याचा सर्वांत भीषण शेवट तमिळनाडूत एरवाडीला दिसला. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका गवताच्या निवाऱ्याला आग लागली. साखळीनं बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले.

मधल्या काळात १ नोव्हेंबर १९५६ आला. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरला जोडला गेला. सीमाप्रश्नावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी इथं फक्त आजारी माणसाच्या बाजूनं पाहतोय. चंदगडला दिलेल्या बहिणीला गरज पडली तर तिची सरकारी वाट रत्नागिरीकडं जाणार. बेळगावात राहिलेल्या भावाची धारवाडकडं. एकाच घरातल्या दोघांचे दाखले, कार्ड, योजना दोन राज्यांच्या. आजारी भावाला चार महिने बहिणीकडं ठेवावं असं घरच्यांना वाटलं, तरी त्याची औषधं कुठल्या दवाखान्यातून आणायची, इथूनच घोळ सुरू होतो.

उपचारांचा इतिहास मात्र याच काळात वेगानं बदलला. १९५२ च्या सुमाराला तीव्र मनोविकारावरचं क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं. त्याच दशकात अमृतसरला डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबूत राहायला बोलावलं आणि कुटुंब हे उपचाराचाच भाग केलं. १९७४ मध्ये बेंगळूरला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिच्या डॉक्टरांनी ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात दाखवून दिलं की प्राथमिक आरोग्य केंद्रातले साधे डॉक्टर आणि कर्मचारी प्रशिक्षण घेऊन मनोरुग्णांवर उपचार करू शकतात. त्याच नमुन्यावर १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. सगळ्या देशानं गिरवलेला हा धडा आपल्याच राज्यातल्या एका जिल्ह्यात तयार झाला, हे बेळगावात किती जणांना ठाऊक असेल?

गोळी अशी जवळ आली. पण गोळीचं काम कुठवर चालतं, हे घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. कानात येणारे आवाज गोळीनं कमी होतात, संशय निवळतो. उठून आंघोळ करावी, चार माणसांत बसावं, काही काम हाती घ्यावं, ही इच्छा मात्र गोळीनं सहसा परत येत नाही. ती जाणं हाही आजाराचाच भाग असतो. वरून औषधाची सुस्ती, वाढणारं वजन, थरथरणारे हात. घरात त्याला एकच नाव मिळतं: आळशी. तरणाताठा मुलगा दहा वाजेपर्यंत झोपतो म्हणून बाप बोलतो, आई ताट झाकून ठेवते, आणि दोघंही थकत जातात. निवासी आधाराची खरी गरज इथं सुरू होते.

लंडनजवळच्या रिचमंडमध्ये एली यान्सन या डच बाईंनी १९५९ मध्ये असं एक घर काढलं, त्यातून रिचमंड फेलोशिप उभी राहिली. १९८६ मध्ये तिची भारतीय संस्था बेंगळूरला सुरू झाली. त्याआधी तिथंच मेडिको पास्टोरल असोसिएशननं हे काम हाती घेतलं होतं. अशा घरात थोडी माणसं काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं राहतात. भाजी चिरणं, कपडे धुणं, दूध आणणं हे वाटून घेतात. आपली गोळी आपण लक्षात ठेवायची. एकट्यानं बसनं जाऊन यायचं. झोप उडायला लागली, चिडचिड वाढली तर आजार उलटतोय हे स्वतः ओळखायचं आणि सांगायचं. वरवर किरकोळ वाटणारी ही कामं करताना तुटलेला दिवस पुन्हा सांधला जातो.

पण बेंगळूर बेळगावपासून पाचशे किलोमीटर. खर्च आहेच, त्याहून अवघड गोष्ट भाषेची. खानापूरच्या मुलानं तिथं बाजारहाट शिकली तरी त्याला जगायचंय ते बेळगावच्या खडेबाजारात सुटे पैसे मोजून घेत. गटात बसून मनातली भीती सांगायची तर ती ज्या भाषेत वाटते त्याच भाषेत सांगता यायला हवी. यात कन्नडला विरोध नाही. आपल्याकडचे कितीतरी कन्नडभाषक डॉक्टर आणि नर्स पेशंट पाहून सहज मराठीवर येतात, आणि त्या एका वाक्यानं समोरचा माणूस सैल होतो. हा चांगुलपणा माणसांवर सोडून न देता व्यवस्थेत यायला हवा, एवढंच म्हणणं आहे.

कायद्यानं आता तशी जागा दिली आहे. १९८७ चा कायदा मुख्यतः इस्पितळांचे परवाने पाहणारा होता. २९ मे २०१८ ला लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मात्र समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. कुटुंब नाही, कुटुंब घ्यायला तयार नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणाला इस्पितळात ठेवता येत नाही, असं कलम १९ सांगतं. हाफवे होम आणि आधाराच्या निवासाची सोय सरकारनं करायची, सेवा राहत्या जागेजवळ हवी, हे कलम १८ मध्ये. रुग्णाला त्याच्या आजाराची माहिती त्याला समजेल त्या भाषेत द्यायची, हे कलम २२ मध्ये. बेळगावच्या मराठी माणसानं हे कलम पाठ करून ठेवावं.

कागदाच्या मानानं जमिनीवर फार कमी आहे. कर्नाटकात मानसाधार नावाची दिवसभराची पुनर्वसन केंद्रं आहेत, मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ येतात. हे चांगलं काम आहे, पण संध्याकाळी माणूस पुन्हा त्याच घरी. गरज किती, याचा अंदाज घ्यायलाही आधार तोकडा: २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यांत कर्नाटक नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता.

दरम्यान आई-बाप म्हातारे होतात. ‘आमच्या पाठीमागं याचं कोण?’ हा प्रश्न मी या भागात जितक्यांदा ऐकलाय तितका दुसरा कुठलाच ऐकला नाही. निवासाचं उत्तर मिळेपर्यंत एक गोष्ट आजही करता येते. कलम १४ प्रमाणे सज्ञान रुग्ण स्वतःचा प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ देणारं माणूस, नेमू शकतो: साधा कागद, त्यावर नाव, खाली सही किंवा अंगठा, आणि नेमलेल्या माणसाची संमती. तो माणूस कुठल्या राज्यात राहतो, हे कायदा विचारत नाही. त्या कागदावर चंदगडच्या बहिणीचं नाव चालतं.