14 नंबरची सीट कुठल्या थरात राखायची?

बसचं तिकीट काढायचं ॲप घ्या. सीट निवडायचं बटण, भाड्याचा हिशेब, डेटाबेसकडे माहिती मागणारी क्वेरी हे सगळं एकाच फाइलमध्ये लिहिता येतं, आणि ते चालतंही. अडचण येते ती सवलतीचा नियम बदलल्यावर. नियम बटणाच्या कोडमध्ये सापडतो, आणि तिकीट खिडकीवरच्या प्रोग्रॅममध्ये तोच नियम वेगळ्याच तऱ्हेने लिहिलेला निघतो.

म्हणून थर पाडतात: वर स्क्रीन, मध्ये नियम, खाली साठवण. पण तीन फोल्डर केले म्हणजे थर झाले नाहीत. वरचा खालच्याला हाक मारतो, खालच्याला मात्र वरचा कोण हे ठाऊकही नसतं. नियमांच्या फाइलमध्ये स्क्रीनची लायब्ररी इम्पोर्ट केलेली दिसली, की थर फुटला.

ही शिस्त जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथे तयार झालेल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं वर्णन 1968 साली प्रसिद्ध केलं. तिथला 0 क्रमांकाचा थर प्रोसेसरचा वेळ वाटून देई, त्यामुळे प्रोसेसर किती आहेत याचा विचार वर कुणालाच करावा लागत नसे. त्यावर मेमरीचा थर, त्यावर ऑपरेटरच्या कन्सोलचा. खालचा थर तपासून झाल्यावरच पुढचा चढवला जाई.

थर काटेकोर पाळले तरी वेग मार खाऊ शकतो. 50 तिकिटांची यादी एका क्वेरीने आणली आणि प्रत्येक प्रवाशाचं नाव वेगळं मागवलं, तर 51 क्वेऱ्या होतात. वरच्या थराला ते साधं लूप वाटतं. साठवणीच्या थरात ‘प्रवाशांसह तिकिटं’ असं एकच फंक्शन ठेवलं, की जॉइनने (दोन तक्ते एकाच क्वेरीत जोडून) काम भागतं.

खरी कसोटी 14 नंबरच्या सीटवर लागते. दोघं एकाच क्षणी विचारतात, दोघांनाही ‘मोकळी’ असं उत्तर मिळतं, दोघंही नोंद करतात. मधल्या थरात कितीही तपासलं तरी तपासणी आणि नोंद यांच्यामध्ये फट उरते. म्हणून फेरी, तारीख आणि सीट या तिघांवर मिळून डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारी अट) हवा. नियम खालच्या थरात गेला म्हणून काहींना ते खटकतं. पण फट बुजवायची ताकद तिथेच आहे.

ट्रान्झॅक्शन (एकतर सगळ्या होतील, नाहीतर एकही नाही असा नोंदींचा गट) मात्र मधल्या थराने उघडावं आणि बंद करावं. साठवणीचं प्रत्येक फंक्शन स्वतःच कमिट करू लागलं, म्हणजे आपली नोंद पक्की करू लागलं, तर सीट अडते आणि तिकीट तयारच होत नाही. पेमेंट गेटवे या ट्रान्झॅक्शनच्या बाहेर असतो, तिथे गेलेले पैसे रोलबॅकने (नोंदी मागे घेऊन) परत येत नाहीत. तेव्हा आधी सीट काही मिनिटांसाठी राखून कमिट करावी, पैसे त्यानंतर.

दुसऱ्याची नोंद त्या कन्स्ट्रेंटवर आदळली की पोस्टग्रेस हा डेटाबेस 23505 हा कोड देतो. साठवणीचा थर त्याचं ‘सीट गेली’ असं भाषांतर करतो, मधला रोलबॅक करतो, आणि स्क्रीन सीटांचा नकाशा नव्याने काढते.