गेम बोलतोय की स्क्रीन रीडर?

‘आमचा गेम बोलतो, म्हणजे अंध खेळाडूंना खेळता येईल,’ असं डेव्हलपर अगदी सहज सांगून जातात. पण नेमकं बोलतंय कोण, असं विचारलं की अडखळतात. बोलणारे दोन असू शकतात: एक गेम स्वतः, म्हणजे सेल्फ-व्हॉइसिंग, आणि दुसरा खेळाडूच्या मशीनवर आधीपासून चालू असलेला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. कधी कधी दोघांचा आवाजही एकच असतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिमवर गेम न्यायचा म्हटलं की तो चांगलाच लक्षात येतो.

स्क्रीन रीडर म्हणजे विंडोजवर जॉज किंवा २००६ पासूनचा मोफत एनव्हीडीए, मॅक-आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक, लिनक्सवर ऑर्का. नावात ‘स्क्रीन’ असली तरी हा पडद्यावरचं चित्र सहसा पाहतच नाही. खिडकीत कुठली बटणं आहेत, कुठली अक्षरं आहेत, हे तो सिस्टिमला विचारतो. बँकेच्या फॉर्ममध्ये हे उत्तर तयार असतं. गेमचं इंजिन मात्र बटणापासून राक्षसापर्यंत सगळं स्वतःच रंगवतं. सिस्टिमच्या लेखी तो एक कोरा चौकोन. मग स्क्रीन रीडर खिडकीचं नाव सांगतो आणि गप्प बसतो.

यावर सोपा उपाय सेल्फ-व्हॉइसिंग. मजकूर उचलायचा आणि मशीनमधल्या वाचन-आवाजाकडे सोपवायचा. कथाप्रधान गेम बनवायचं रेनपाय हे इंजिन तेच करतं: व्ही दाबा, गेम बोलू लागतो. विंडोजवर त्यामागे सॅपी ही विंडोजचीच बोलायची सोय असते, मॅकवर मॅकची स्वतःची, लिनक्सवर ईस्पीक हे बोलणारं सॉफ्टवेअर. काम थोडं, फळ लगेच.

पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहा. सरावलेला अंध माणूस स्क्रीन रीडर इतका वेगात ठेवतो की शेजारच्याला शब्दही कळू नये. गेम मात्र त्याला कीर्तनाच्या संथ लयीत गोष्ट सांगतो. त्यात स्क्रीन रीडरही मध्येच बोलला की दोघांचं एकदम सुरू. एनव्हीडीएला त्या गेमपुरतं झोपवता येतं (इन्सर्ट, शिफ्ट, एस), पण ते खेळाडूला ठाऊक हवं. मजकूर मराठी आणि आवाज इंग्रजी, तर नीट वाचन विसराच. उलट एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. आणि मला सर्वांत खटकणारी गोष्ट ब्रेलची. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, त्याचा ब्रेल डिस्प्ले, म्हणजे मजकूर उठावदार ठिपक्यांत उमटवणारं यंत्र, स्क्रीन रीडरला जोडलेला असतो. गेमने स्वतः कितीही बडबड केली तरी त्याच्या बोटांखाली काही उमटत नाही. रेनपायने यावर एक जुगाड ठेवला आहे: शिफ्ट-सी दाबलं की मजकूर क्लिपबोर्डवर जातो, तिथून दुसरं सॉफ्टवेअर तो उचलू शकतं.

खरा रस्ता म्हणजे सिस्टिमच्या प्रश्नाला गेमनेच उत्तर देणं. इथे घाम निघतो, कारण विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड प्रत्येकाची विचारायची पद्धत वेगळी. टोल्क ही लायब्ररी, म्हणजे गेममध्ये जोडायचा तयार कोड, स्क्रीन रीडरला वाक्यं पोचवते, पण फक्त विंडोजवर. श्राव्य गेम बनवायला लोकप्रिय झालेलं बीजीटी हे साधनही विंडोजपुरतंच, त्यामुळे कित्येक गेम मॅकवाल्यांच्या वाट्याला आलेच नाहीत. आता अ‍ॅक्सेसकिट हे सॉफ्टवेअर गेम आणि सिस्टिम यांच्यामधल्या दुभाष्याचं काम करतं. गोडो इंजिनने २०२५ मध्ये ४.५ आवृत्तीत ते घेतलं.

फोनवर आणखी एक पेच. व्हॉइसओव्हर चालू असताना बोटाचा स्पर्श आधी त्याच्याकडे जातो, तेव्हा उडी मारायला केलेला स्वाइप गेमपर्यंत पोचतच नाही. अमुक भागातला स्पर्श थेट गेमला द्या, असं आयफोनला सांगता येतं. ते डेव्हलपरने सांगावं लागतं.

माझं मत विचाराल तर मेनू, संवाद, सामानाची यादी स्क्रीन रीडरकडे द्यावी आणि सेल्फ-व्हॉइसिंग हाताशी ठेवावं. कन्सोलवर तर बरेचदा तेवढंच शक्य असतं. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ने मजकूर वाचून दाखवायची सोय गेममध्येच दिली. लढाईत मात्र दोन्ही कुचकामी. ‘उजवीकडून बाण येतोय’ हे वाक्य संपेपर्यंत बाण लागलेला असतो. तिथे उजव्या कानातला सूंऽऽच हवा.

एक चूक मात्र हमखास होते. आवाज चालू करायचं बटण मुक्या मेनूत, तिसऱ्या पानावर. खरं तर विंडोज, आयफोन, अँड्रॉइड तिन्हीकडे स्क्रीन रीडर चालू आहे का, हे गेमला विचारता येतं, आणि तेही पहिला पडदा उघडायच्या आत.