२.१७ माणसांचं बिऱ्हाड

३,३४,५६३ ला १,४३,७३९ ने भागून बघा. उत्तर साधारण २.३३ येतं. पहिला आकडा पिट्सबर्ग शहराची २००० सालची लोकसंख्या आणि दुसरा तिथल्या बिऱ्हाडांची संख्या. म्हणजे दर बिऱ्हाडामागे सरासरी २.३३ माणसं असायला हवीत. पण अमेरिकेच्या जनगणनेच्या त्याच तक्त्यात, त्याच शहरापुढे सरासरी लिहिली आहे २.१७. छपाईची चूक नाही आणि गणितही बरोबर आहे. १,४३,७३९ ला २.१७ ने गुणलं तर ३ लाख १२ हजारांच्या आसपास माणसं होतात. मग उरलेली साडेबावीस हजार गेली कुठे?

ती शहरातच होती, फक्त कुठल्याही बिऱ्हाडात नव्हती. कॉलेजांची वसतिगृहं, वृद्धांची शुश्रूषागृहं, तुरुंग अशा ठिकाणी राहणाऱ्यांना जनगणना शहराच्या लोकसंख्येत धरते, पण बिऱ्हाडांच्या हिशेबातून वगळते. पिट्सबर्गच्या ओकलंड भागात पिट्सबर्ग विद्यापीठ आणि कार्नेगी मेलन विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहेत, डाउनटाउनच्या कडेला ड्युकेन विद्यापीठ. त्यामुळे हा गट इथे मोठा. पूर्वी अमेरिकेत विद्यार्थी आईवडिलांच्या घरी मोजला जायचा. १९५० पासून तो शिकतो त्या गावात मोजला जातो. आपल्याकडून शिकायला गेलेला मुलगा किंवा मुलगी १ एप्रिलला, म्हणजे तिथल्या गणनेच्या दिवशी, ओकलंडमध्ये राहत असेल, तर तीही पिट्सबर्गकर. व्हिसा कुठला हे त्यात बघितलं जात नाही.

‘बिऱ्हाड’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्या सरकारी मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना ‘कुटुंब’ हा एकच शब्द लावतात आणि तिथेच घोळ सुरू होतो. अमेरिकी जनगणनेच्या लेखी एका घरात राहणारे सगळे मिळून एक बिऱ्हाड, मग ते एकमेकांचे कुणी असोत वा नसोत. त्या बिऱ्हाडात जन्माने, लग्नाने किंवा दत्तकविधानाने जोडलेली किमान दोन माणसं असतील, तरच ते कुटुंब. एकटी राहणारी आजी हे बिऱ्हाड आहे, कुटुंब नाही. भाड्याने फ्लॅट घेऊन राहणारे चार मित्रही तसेच.

भारतीय जनगणना हीच रेघ वेगळ्या जागी ओढते. आपल्याकडे कसोटी चुलीची: एकाच स्वयंपाकघरात जेवणारी ती एका बिऱ्हाडातली. एका वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की बिऱ्हाडं दोन. अमेरिकेत कसोटी दाराची आहे. स्वतंत्र राहती जागा आणि तिथे बाहेरून किंवा सामाईक वऱ्हांड्यातून थेट जाता येणं, एवढं पुरतं. चूल आणि दार या दोन कसोट्यांत समाजाबद्दल बरंच काही दडलंय, पण तो विषय वेगळा.

आता मूळ शहराकडे. १९५० साली पिट्सबर्गची लोकसंख्या होती ६,७६,८०६. ती पुन्हा कधीच तेवढी झाली नाही. पन्नास वर्षांत निम्म्याहून खाली आली. का, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: पोलादाचे कारखाने बंद पडले आणि माणसं गेली. ही गोष्ट खरी आहे, पण काळाच्या हिशेबात बसत नाही. पोलाद कोसळलं ते १९८० च्या दशकात. त्या पडझडीत पिट्सबर्गच्या परिसरातल्या लाखाहून जास्त कारखानी नोकऱ्या गेल्या. मात्र १९८० च्या जनगणनेतच शहर ४ लाख २४ हजारांवर आलं होतं. म्हणजे २००० पर्यंतच्या एकूण घटीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश घट भट्ट्या धगधगत असतानाच झाली होती.

त्या आधीच्या घटीचं एक कारण रस्त्यांत आहे. १९५३ मध्ये स्क्विरल हिल बोगदा खुला झाला, १९६० मध्ये फोर्ट पिट बोगदा. डोंगर आणि नद्यांनी अडवलेल्या शहरातून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर पडता येऊ लागलं. महायुद्धानंतर सरकारी हमीवर घरकर्जं मिळत होतीच. तरुण जोडपी अंगणवाल्या घरांकडे गेली. काहींना मात्र निवड नव्हती. १९५६ पासून लोअर हिल ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती पाडली गेली, सुमारे ८ हजार लोक उठवले गेले आणि त्या जागी सिव्हिक अरीना हे भव्य क्रीडागृह उभं राहिलं. आज तेही शिल्लक नाही.

दुसरं कारण कुणी फारसं सांगत नाही, कारण ते दिसत नाही. माणसं शहर सोडून गेली तसंच घरातली माणसंही कमी झाली. १९५० मध्ये अमेरिकेत एका बिऱ्हाडात सरासरी ३.३७ माणसं होती. पिट्सबर्गला तीच सरासरी लावून ढोबळ हिशेब केला (शहराची स्वतःची सरासरी थोडी इकडेतिकडे असेल), तर तेव्हा शहरात दोन लाखांच्या आतबाहेर बिऱ्हाडं होती असं म्हणता येतं. २००० मध्ये १ लाख ४४ हजार. म्हणजे माणसं निम्म्याने घटली, तर बिऱ्हाडं फक्त २५-३० टक्के. उलट बाजूने बघा. २००० सालच्या त्याच दारांमागे १९५० सारखी ३.३७ माणसं राहत असती, तर शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं जास्त दिसली असती. एकूण घट साधारण ३ लाख ४२ हजारांची. त्यातली जवळपास निम्मी घट अशी की तिच्यासाठी एकही दार बंद व्हावं लागलं नाही.

बिऱ्हाडं लहान का झाली, याची कारणं साऱ्या अमेरिकेत सारखीच. १९५० मध्ये तिथल्या मुलींच्या पहिल्या लग्नाचं मध्यक वय (निम्म्यांचं त्याच्या आत, निम्म्यांचं त्याच्या पुढे) २०.३ होतं, २००० मध्ये २५.१. आधी माहेरातून थेट सासरी जाणारी मुलगी मधली पाच वर्षं स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहू लागली. मुलं कमी झाली, घटस्फोट वाढले. शिवाय म्हातारपणी पेन्शन असल्यामुळे मुलाकडे राहायला जायची गरज उरली नाही. या शेवटच्या कारणाकडे एकटेपणाची शोकांतिका म्हणून बघायची आपल्याला सवय आहे. मला तरी त्यात बरंचसं स्वातंत्र्य दिसतं. १९४० मध्ये अमेरिकेतली जेमतेम ८ टक्के बिऱ्हाडं एकट्याची होती, २०२० मध्ये ती २७.६ टक्के झाली.

पिट्सबर्गमध्ये हा आकडा २००० सालीच ३९.४ टक्के होता. इथे जरा थांबू, कारण या आकड्यावर हमखास घसरायला होतं. ‘पिट्सबर्गमधली ४० टक्के माणसं एकटी राहतात’ असं वाक्य कुणीही सहज लिहून जाईल. ते साफ चूक आहे. ३९.४ टक्के हा वाटा बिऱ्हाडांचा आहे, माणसांचा नाही. एकट्याच्या बिऱ्हाडात माणूस एकच असतो. १,४३,७३९ चे ३९.४ टक्के म्हणजे ५६-५७ हजार बिऱ्हाडं आणि तेवढीच माणसं. साडेतीन लाखांच्या आत असलेल्या शहरात ती १७ टक्के भरतात, म्हणजे सहांत एक.

दारं मोजली की एकटेपणा जास्त दिसतो आणि माणसं मोजली की कमी. कारण पाच जणांचं घर दारांच्या यादीत एकदाच येतं, माणसांच्या यादीत पाचदा. सहा जणांची बैठक भरवली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या घरी किती माणसं?’ असं विचारलं, तर येणारी सरासरी २.१७ पेक्षा बरीच जास्त असेल, कारण मोठ्या घरातला माणूस भेटण्याची शक्यताच जास्त. लोकलमध्ये आपल्याला नेहमी गर्दीचा डबा लाभतो, त्याचंही कारण हेच: रिकाम्या डब्याचा अनुभव सांगायला माणसंच थोडी असतात.

कुटुंबाचा सरासरी आकार २.९५ आणि बिऱ्हाडाचा २.१७, ही तफावतही या एकट्यांच्या बिऱ्हाडांमुळेच. २००० मध्ये शहरातल्या ४८.४ टक्के बिऱ्हाडांत कुटुंबच नव्हतं. अठरा वर्षांखालचं मूल असलेली बिऱ्हाडं २१.९ टक्के, आणि नवराबायको एकत्र राहत असलेली ३१.२ टक्के. घराच्या जाहिरातींत हसणारं चौकोनी कुटुंब प्रत्यक्षात अल्पमतात होतं.

पिट्सबर्ग म्हातारं शहर आहे, असं ऐकू येतं. पण २००० मध्ये तिथलं मध्यक वय ३५-३६ च्या आसपास होतं, देशाचं ३५.३. फरक जवळजवळ नाहीच. गंमत आहे ती मध्यकाच्या दोन्ही बाजूंना. पासष्टीपुढची माणसं शहरात १६.४ टक्के, देशात १२.४. अठरा ते चोवीसची शहरात १४.८ टक्के, देशात ९.६. एका टोकाला आजी-आजोबा, दुसऱ्या टोकाला विद्यार्थी, आणि तराजूचा काटा मधोमध. ऐंशीच्या दशकात नोकरी शोधत जी पिढी निघून गेली, ती जाताना पुढची मुलंही घेऊन गेली. म्हातारे मागे राहिले. त्यातही बायका जास्त, कारण त्या जास्त जगतात. दर १०० स्त्रियांमागे पुरुष ९०.७. आपल्या पद्धतीने लिहायचं तर दर हजार पुरुषांमागे सुमारे ११०२ स्त्रिया. आपल्याकडे हा आकडा दिसला तर अभिनंदनाचे फलक लागतील. तिथे त्यात विधवांच्या घरांचाही मोठा वाटा आहे.

इतका वेळ मी ‘शहर’ म्हणतोय ते हद्दीतलं पिट्सबर्ग. १९०७ मध्ये नदीपलीकडचं अ‍ॅलेगेनी शहर त्याने पोटात घेतलं, पण पुढे ते फारसं पसरू शकलं नाही. त्याच्या अ‍ॅलेगेनी परगण्यात १३० स्वतंत्र पालिका आहेत. आपल्यापैकी अनेकांनी पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिराचे फोटो पाहिले असतील. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या हिंदू मंदिरांपैकी ते एक. पण ते आहे पेन हिल्समध्ये आणि पेन हिल्स ही वेगळी पालिका. त्यामुळे शहर निम्मं झालं तरी परिसरासह पिट्सबर्ग २००० मध्ये २४ लाखांच्या घरात होतंच. माणसं नाहीशी झाली नव्हती, बरीचशी रेषेपलीकडे गेली होती.

रेषेच्या आत उरल्या त्या पायाभूत गोष्टी. २००० मध्ये शहरात १,६३,३६६ घरं होती आणि बिऱ्हाडं १,४३,७३९. म्हणजे साडेएकोणीस हजारांहून जास्त घरं रिकामी. नळाची लाइन रिकाम्या घरावरूनही तेवढीच लांब जाते. पिट्सबर्गच्या उतारांवर सातशेहून जास्त सार्वजनिक जिने आहेत. कामगार टेकडीवरच्या घरातून खाली कारखान्यात उतरायचे ते यांवरूनच, आणि कागदोपत्री यातले कित्येक जिने ‘रस्ते’ आहेत. पावणेसात लाखांसाठी बांधलेले पूल, जिने, गटारं यांची डागडुजी आता निम्म्या करदात्यांच्या जिवावर. २००३ च्या डिसेंबरात पेन्सिल्व्हेनिया राज्याने शहराला आर्थिक संकटग्रस्त घोषित केलं, त्यातून ते २०१८ मध्ये बाहेर आलं. इथे बिऱ्हाडांचा आकडा थोडा दिलासा देतो. पाण्याचं कनेक्शन, कचऱ्याची गाडी, मालमत्ता कर हे सगळं दारामागे असतं, डोक्यामागे नाही. आयकराचं मात्र तसं नाही.

२०२० मध्ये शहर मोजलं गेलं ३,०२,९७१. दहा वर्षांपूर्वीपेक्षा २,७३३ ने कमी, म्हणजे घसरण जवळपास थांबली. शिवाय ती गणना कोविडच्या ऐन सुरुवातीची. विद्यार्थी मार्चमध्येच घरी गेले होते, तरी नियमाप्रमाणे ते कॉलेजच्याच गावात मोजायचे होते. दरम्यान ओहायो नदीकाठचा शंभराहून जास्त वर्षांचा राज्य तुरुंग २०१७ मध्ये बंद होऊन तिथले कैदी इतरत्र हलवले गेले होते. २०१० च्या आकड्यात ते पिट्सबर्गकर होते, २०२० च्या आकड्यात नाहीत. त्या २,७३३ मध्ये तेही आहेत.