सावंतवाडीची गंजिफा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी येथे हाताने रंगवले जाणारे गोल पत्ते, तसेच त्यांवर खेळला जाणारा खेळ. दशावतारी गंजिफा हा यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, अशी त्यात १२० पाने असतात. नवग्रह गंजिफेत १०८, तर आठ रंगांच्या मोगल गंजिफेत ९६ पाने येतात.

पानांवर अक्षरे नसतात, आकडेही नसतात. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू, कल्कीच्या रंगात तलवारी. जितकी चिन्हे तितके पानाचे मोल. राजाच्या पानावर स्वतः अवतार विराजमान असतो, प्रधान बहुधा घोड्यावर असतो. प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, वेगळ्या वर्णाची असते, म्हणून पाने हातात पसरली की नुसती कड दिसली तरी खेळणाऱ्याला रंग कळतो. पाठीमागची बाजू मात्र साऱ्या पानांची अगदी सारखी, एकाच वर्णाची. तिथे कुंचल्याचा एखादा ठिपका जरी चुकून पडला, तरी ते पान पाठीवरून ओळखू येईल आणि सगळा संच खेळातून बाद होईल. शोभेची वस्तू आणि वापराची वस्तू यांतला फरक या कोऱ्या पाठीत स्पष्ट दिसतो.

पान तयार करण्याची जुनी रीत वेळखाऊ आहे. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकमेकांवर चिकटवून ते वाळवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा आणि मग गोल चकत्या कापायच्या. घोटाई कमी पडली तर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि बारीक रेघ फाटते. पुढे जमिनीचा रंग, त्यावर आकृत्यांचे रंग, सर्वांत शेवटी डोळे, दागिने आणि कडेची वेलबुट्टी. मधल्या प्रत्येक टप्प्याला आधीचा रंग पुरता वाळावा लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर ही वाट फारच लांबते. अखेरीस लाखेचा हात दिला की पान चकाकते आणि हाताळणीला टिकते. आता कापडाऐवजी बहुतेक वेळा जाड पुठ्ठा वापरतात आणि रंगही तयार मिळतात, पण रंगकाम हातानेच होते.

एका दशावतारी संचात नुसत्या अंकपानांवरच ५५० चिन्हे काढावी लागतात. तिर्री-चव्वी सोपी. त्याच वर्तुळात नऊ मासे एकमेकांना न भिडता आणि एका नजरेत मोजता येतील असे बसवणे, ही चिताऱ्याची खरी परीक्षा. जुने कारागीर दरबारी आणि बाजारी असे दोन दर्जे मानत. दरबारी संचात कडेचे नक्षीकाम भरगच्च, बाजारीत आकृती मोजक्या फटकाऱ्यांत उरकलेली. मोजक्या फटकाऱ्यांतला तो मासा कमी प्रतीचा समजण्याचे मात्र काही कारण नाही; त्यातला सराईत हात फार देखणा असतो.

खेळ तिघांचा. प्रत्येकाला चाळीस पाने येतात, हुकूम नसतो. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या अर्ध्यांत क्रम उलटा होऊन एक्का मोठा. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो आरंभ करतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणे हाच या खेळाचा गाभा, त्यामुळे घाईने खेळणाऱ्याला त्यात फारसे हाती लागत नाही.

भारतात गंजिफेचा जुना उल्लेख बाबराच्या आठवणींत, १५२७ साली सिंधला पाठवलेल्या संचाच्या संदर्भात येतो. अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या १४४ पानी गंजिफेचे वर्णन आईन-ए-अकबरीत आहे. दशावतारी संच हे त्याच खेळाचे इथल्या मातीतले रूप. ओडिशातील रघुराजपूर व पश्चिम बंगालमधील बिष्णुपूर येथेही त्याच्या स्वतंत्र शैली आहेत. धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर हा खेळ सावंत-भोसल्यांच्या दरबारात आला, असे सावंतवाडीत सांगितले जाते. रंगकाम चितारी समाजाकडे होते.

स्वस्त छापील पत्त्यांपुढे विसाव्या शतकात ही कला जवळपास संपली. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि १९७१ च्या सुमारास राजवाड्यातच तिचे काम सुरू केले. कलेला नुसता आश्रय देऊन न थांबता राजघराण्यातल्या माणसांनी स्वतः कुंचला हाती धरावा, ही गोष्ट असामान्य आहे. राजवाड्याच्या दालनात बसून काम करणारे चित्रकार आजही पाहता येतात. सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आज बहुतेक संच चौकटीत लावण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी घेतले जातात. त्याच आकृत्या लाकडी डब्यांवर आणि फर्निचरवरही रंगवतात. कारागिरांना यातून काम मिळते, हे चांगलेच आहे. तरीही राजाचे एकटे पान भिंतीवर लावले की अर्धी गंजिफा नजरेआड जाते. एकाच रंगाची बाराही पाने ओळीने मांडली, तरच एका माशापासून दहा माशांपर्यंत वाढत जाणारी रचना दिसते.