गोन छाउ न्गाउ हो

गोन छाउ न्गाउ हो : तांदळाच्या रुंद, ताज्या शेवया, गोमांसाचे पातळ काप, मुगाचे लांब मोड, कांदा व कांद्याची पात हे सर्व प्रखर आचेवर काही मिनिटांत परतून केलेला दक्षिण चीनमधील खाद्यप्रकार. ग्वांगडोंग प्रांत व हाँगकाँग ही त्याची मुख्य क्षेत्रे होत. मँडरिन उच्चार ‘गानछाओ न्यूहअ’. परदेशांतील कँटनी (ग्वांगडोंगी) खाणावळींत तो ‘बीफ चाउ फन’ या नावाने मिळतो. रस्सा नसणे हे त्याचे मुख्य लक्षण असून त्याच घटकांचा पिठीने दाट केलेल्या रसातला ओला प्रकार वेगळा मानतात.

नाव व वर्गीकरण : कँटनी भाषेत ‘गोन’ म्हणजे कोरडे, ‘छाउ’ म्हणजे परतणे, ‘न्गाउ’ म्हणजे गाय-बैल आणि ‘हो’ म्हणजे नदी. पदार्थाच्या नावात नदी येते ती संक्षेपामुळे. मूळ शब्द ‘सा हो फन’. सा हो (मँडरिन शाहअ, ‘वाळूची नदी’) हे ग्वांगजौ शहराच्या तटबंदीबाहेरचे गाव आज शहराच्या थ्येनहअ विभागात मोडते. या गावच्या शेवयांना गावाचे नाव लागले, पुढे ‘हो फन’ आणि शेवटी नुसते ‘हो’ उरले. पैठणचे नाव लुगड्याला चिकटून ‘पैठणी’ झाली, तसाच हा प्रकार. मराठीत आपण सगळ्यांनाच नूडल्स म्हणतो. चिनी वर्गीकरणात मात्र गव्हाची ती ‘मिएन’ (कँटनी ‘मिन’) आणि तांदूळ वा अन्य पिठीची ती ‘फन’. त्यामुळे चाउ मिन व चाउ फन यांतला फरक पाककृतीचा नसून धान्याचा आहे.

उत्पत्ती : या पदार्थाचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते त्यात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात : शेवया किती जुन्या, परतणे किती जुने, आणि हा विशिष्ट कोरडा प्रकार केव्हाचा. ते सुटे करून पाहणे इष्ट.

शेवयांच्या प्राचीनतेसाठी चिंगहाय प्रांतातील लाज्या या स्थळाचा दाखला दिला जातो. तेथे पालथ्या पडलेल्या मातीच्या वाडग्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या पिवळसर, लांब शेवया सापडल्याचे २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पिष्टकणांच्या व वनस्पतींतील सूक्ष्म गारकणांच्या तपासणीवरून त्या राळा व वरी या वर्गातील तृणधान्यांच्या असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्यावर पुढे आक्षेप आला. या धान्यांत गव्हासारखा चिकट प्रथिनांश नसतो. मग त्यांच्या पिठाची इतकी लांब तार ओढता कशी आली? समर्थकांनी पीठ ओढून नव्हे तर दाबून शेवया पाडल्या असाव्यात, अशी बाजू मांडली. आपल्याकडे कोकणात तांदळाच्या उकडीचे शिरवाळे दाबूनच पाडतात. तेव्हा चिकट प्रथिनांशिवाय शेवई होतच नाही, या आक्षेपाला फारसा आधार राहत नाही. वाडग्यातील पदार्थ नेमका कोणत्या धान्याचा, हा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही. काहीही असले तरी लाज्याच्या शोधाचा प्रस्तुत पदार्थाशी संबंध दूरचा आहे. त्याहून जवळचा पुरावा ज्या सस्ये याच्या ‘छीमिन याओशू’ या सहाव्या शतकातील कृषिग्रंथात मिळतो. त्यात बैलाच्या शिंगाच्या तुकड्याला बारीक भोके पाडून त्यातून तलम पिठीचा घोळ उकळत्या पाण्यात सोडण्याची कृती आहे.

सा हो फन यापेक्षा निराळी. तिच्यासाठी भिजवलेला तांदूळ पाण्यासह वाटून पातळ घोळ करतात, तो ताटात पसरून वाफवतात, निघालेल्या पापुद्र्याला तेलाचा हात लावून घड्या घालतात आणि साधारण एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापतात. सालपापड्या किंवा फेण्या ज्यांनी केल्या आहेत त्यांना यातले पहिले सगळे टप्पे ओळखीचे वाटतील. आपण तो पापुद्रा उन्हात वाळवतो, तिकडे तो ओलाच कापतात. हे साम्य तंत्राचे आहे, त्यावरून संपर्काचा निष्कर्ष काढू नये. परंपरा सा हो फनचा उगम चिंग राजवटीच्या (१६४४–१९१२) उत्तरकाळात मानते आणि तिचे श्रेय बाययुन डोंगराच्या झऱ्याच्या पाण्याला देते. काळाबद्दलचे विधान ग्राह्य वाटते. पाण्याबद्दलचे बहुतेक प्रसिद्ध खाद्यपदार्थांविषयी सर्वत्र केले जाते.

परतणे (छाओ) हे चिनी पाककलेचे आद्य तंत्र असल्याचा समजही तपासून घ्यावा लागतो. ‘छाओ’ या शब्दाचा जुना वापर धान्य कोरडे भाजण्याच्या अर्थी दिसतो. उपरोक्त ‘छीमिन याओशू’त मात्र अंडी फेटून, कांद्याच्या पातीचा पांढरा भाग, मीठ व आंबवलेले सोयाबीन घालून तिळाच्या तेलात परतण्याची कृती आहे, म्हणजे सहाव्या शतकात तेलात परतणे माहीत होते. ते शहरी खाण्यात रुळलेले दिसते सुंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९). मंग युआनलाओ याने ११४७ च्या सुमारास लिहिलेल्या खायफंग शहराच्या आठवणींत परतलेला ससा, परतलेले शिंपले, परतलेले खेकडे अशी नावे येतात. उकडणे, वाफवणे व भाजणे ही तंत्रे त्याहून कितीतरी जुनी. इंधनाच्या टंचाईमुळे परतणे वाढले, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे व काही अंशी पटणारेही. पण तेल स्वस्त व मुबलक झाल्याशिवाय ते घडले नसते, या मताकडे कल ठेवावासा वाटतो.

गोमांसाचा प्रश्न याहून नाजूक. नांगराचा बैल हा शेतीचा आधार असल्याने चिनी राज्यकर्त्यांनी वारंवार गोवधावर निर्बंध घातले. इ. स. ६५३ च्या तांग संहितेनुसार मालकाने स्वतःचा बैल मारला तरी एक वर्षाची सक्तमजुरी होती. पुढील राजवटींतही असे नियम राहिले आणि गोमांस न खाण्याचा संकेत दक्षिणेतील अनेक कुटुंबांनी श्रद्धेने पाळला. आजही चिनी आहारात डुकराच्या मांसाचे स्थान वरचे आहे. तेव्हा गोमांस हेच ज्याचे नाव आहे असा पदार्थ फार जुना असण्याची शक्यता कमी. तो बहुधा आधुनिक बंदर-शहरांच्या खाद्यजीवनातून आलेला असावा.

कोरड्या प्रकाराची प्रचलित कथा १९३८ सालातली. जपानी अंमलाखालील ग्वांगजौमध्ये एका खाद्यविक्रेत्याकडे रात्री एक अधिकारी आला. रस दाट करायची पिठी संपली होती, संचारबंदीमुळे ती आणता येईना, अधिकारी धाकदपटशा करू लागला. तेव्हा विक्रेत्याने पिठीशिवाय शेवया कोरड्याच परतून वाढल्या व त्या आवडल्या, असे सांगतात. कथेत गोडी आहे, पण दोन अडचणी आहेत. ग्वांगजौ जपान्यांच्या हाती पडले ते २१ ऑक्टोबर १९३८ रोजी. म्हणजे सारा प्रसंग त्या वर्षाच्या शेवटच्या दहा आठवड्यांत बसवावा लागतो. दुसरी अडचण स्वयंपाकाची आहे. कोरड्या प्रकारातही मांसाला पिठी लावावीच लागते, आणि पिठी संपली असती तर तेही साधले नसते. ओल्या प्रकारातून कोरडा निघाला हा कथेचा गाभा मान्य करता येईल. एका रात्रीत निघाला, हे मानण्याचे कारण दिसत नाही.

मांसाची पूर्वतयारी : गोमांसाचे साधारण ३ मिमी. जाडीचे काप स्नायूच्या तंतूंना आडवे करतात. तंतू आखूड झाल्याने घास सहज तुटतो. तंतूंच्या दिशेने कापलेले तेच मांस चिवट लागते. काप थोडा सोया सॉस, चिमूटभर साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर व तेल लावून पंधरा-वीस मिनिटे मुरवतात. पिठीचा थर आतील पाणी धरून ठेवतो आणि प्रखर आच थेट मांसाला लागू देत नाही. खाणावळींत किंचित खायचा सोडाही लावतात. त्याने मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, प्रथिने एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत व शिजताना पाणी कमी सुटते. पाव किलो मांसाला पाव चमच्यापेक्षा कमी सोडा पुरतो. जास्त झाल्यास साबणासारखी चव येते व मांस गिळगिळीत होते.

वोक हेइ : या पदार्थाच्या परीक्षेत कँटनी माणूस प्रथम ‘वोक हेइ’ शोधतो. ‘वोक’ म्हणजे गोल बुडाची कढई. ‘हेइ’ म्हणजे श्वास, वाफ, प्राण. परतलेल्या अन्नाला येणारा खमंग, किंचित धुरकट आणि करपण्याच्या अलीकडचा वास असा त्याचा व्यावहारिक अर्थ. त्यामागे एकच क्रिया नाही. लुई-कामीय मायार याने १९१२ मध्ये वर्णन केलेली अमिनो अम्ले व शर्करा यांची अभिक्रिया, साखरेचे जळणे, तापलेल्या लोखंडावर तेलाचे विघटन आणि कढईच्या काठावर उडालेल्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा क्षणिक पेट ही त्यातली मुख्य कारणे मानतात. उडवून परतण्याचे कामही केवळ देखणे नसते. हवेत गेलेला घास वाफ टाकतो व जरा निवतो, म्हणून कढई अतितप्त असूनही अन्न जळत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या तंत्रविद्यापीठातील को व हू यांनी २०२० मध्ये परतलेल्या भाताच्या संदर्भात या हालचालीचे गणित मांडले. कढई पुढे-मागे सरकते त्याच वेळी शेगडीच्या कडेवर झुलते, आणि हे चक्र सेकंदाला जवळजवळ तीनदा होते. हा वेग तासन्‌तास टिकवणाऱ्या स्वयंपाक्यांच्या खांद्यांची दुखणी हा त्या अभ्यासामागचा एक हेतू होता, याचे मोल वाटते.

घरगुती पद्धत : घरच्या शेगडीवर हा पदार्थ होतच नाही, असे मत अनेकदा मांडले जाते. प्रस्तुत नोंदकाराला ते मान्य नाही. खाणावळीची शेगडी घरच्या शेगडीच्या कित्येक पट आच देते हे खरे. पण अडचण आचेइतकीच पाण्याची आहे. अन्नाच्या पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही, आणि खमंगपणा साधारण १४० अंशांच्या आसपास येऊ लागतो. कढई भरगच्च भरली की सुटलेले पाणी आटवण्यातच आच खर्ची पडते व पदार्थ परतला न जाता उकडतो. म्हणून एका वेळी दोघांपुरतेच करावे, चौघांसाठी दोनदा करावे.

दोघांसाठी साधारण ४०० ग्रॅम शेवया, २०० ग्रॅम मांस, दोन मुठी मोड, एक मध्यम कांदा व चार-पाच काड्या पात पुरते. मोड धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडे करावेत. या पदार्थातील मोड उसळीच्या मोडासारखे आखूड नसतात. अंधारात वाढवलेले, बोटभर लांब, पांढरे व करकरीत असतात. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवून तेल सोडावे, मांसाचे काप एकेरी पसरावेत आणि लगेच न हलवता अर्धा मिनिट तसेच ठेवावेत. एक बाजू तांबूस झाली की उलटून, आतून जरा कच्चे असतानाच काढून घ्यावेत. कढई पुन्हा तापवून कांदा, मग शेवया घालाव्यात. शेवया झाऱ्याने ढवळल्यास तुटतात. खालून उलथन्याने उचलून चॉपस्टिक्सनी सोडवणे बरे. साधा सोया सॉस (सांग छाउ) खारटपणासाठी, गडद (लोउ छाउ) रंगासाठी. दोन्ही थोडी साखर घालून आधीच एकत्र करावेत व कढईच्या काठावरून सोडावेत, म्हणजे ते तापल्या लोखंडावर चुरचुरून मगच शेवयांना लागतात. रंग सर्वत्र सारखा झाला की मांस परत घालावे. मोड व पात शेवटी, वीस-तीस सेकंदांपुरती. सर्व मिळून पाच-सहा मिनिटे. चांगला जमला असेल तर ताटात तेलाचे तळे राहत नाही.

ताज्या शेवया शीतकपाटात ठेवल्यास कडक होऊन मोडतात, कारण निवलेल्या भाताप्रमाणे त्यांतील पिष्ट पुन्हा घट्ट होते. थोडे वाफवून त्या सुट्या करता येतात. ताज्या न मिळाल्यास तांदळाच्या रुंद, सुक्या शेवया कोमट पाण्यात लवचीक होईपर्यंत भिजवून वापरतात. पोत थोडा कमी पडतो. ढोबळी मिरची, ब्रोकोली, गाजर या घरोघरी घातल्या जाणाऱ्या भाज्या मूळ पदार्थात नाहीत. त्या घालायच्या तर वेगळ्या परतून शेवटी मिसळाव्यात.

प्रसार व रूपांतरे : मलेशिया व सिंगापूरमध्ये अंड्याच्या रसातली ओली हो फन प्रिय आहे. थायलंडची ‘फत सी-इव’ रुंद तांदळी शेवया व गडद सोया सॉस यांमुळे याच्या जवळची आहे. व्हिएतनाममध्ये फो या रस्सेदार पदार्थाच्या शेवया गोमांसासह परततात. पेरूमधील ‘तायारीन साल्तादो’त तंत्र कँटनी स्थलांतरितांचे, शेवया मात्र गव्हाच्या.

भारतात रूढ झालेल्या ‘हाका नूडल्स’ गव्हाच्याच. मुंबईत माझगावचे १९१९ मधील सी यूप कून हे मंदिर कँटनी वस्तीची साक्ष देते. सी यूप म्हणजे ग्वांगडोंगमधील ‘चार परगणे’. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या वधावर बंदी असल्याने येथे हा पदार्थ करायचा तर म्हशीचे मांस किंवा कोंबडी वापरावी लागते. म्हशीच्या मांसाचे तंतू जाड असतात. त्याचे काप आणखी पातळ करावेत व मुरवण्याचा वेळ दुप्पट ठेवावा.