गोट्यांची झिलई : चामड्याच्या पिशवीपासून घरच्या ड्रमपर्यंत

समुद्रकिनाऱ्यावर उचललेला गोटा घरी आणला की हमखास हिरमोड होतो. लाटेत भिजलेला असताना त्याचे तांबूस पट्टे लख्ख दिसत होते, खिशात वाळला आणि राखाडी पडला. गोटे एकमेकांवर आपटून त्यांच्या अंगावर असंख्य बारीक खाचा पडतात, काही तर नखाएवढ्या चंद्रकोरीसारख्या. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि रंग झाकोळतो. पाणी या खाचा भरून काढतं, म्हणून तेवढ्यापुरता रंग उजळतो. घरी गोटे, पाणी आणि घासणारी पूड भरलेला ड्रम फिरवणाऱ्यांची सगळी खटपट हा ओलेपणा कायमचा टिकवण्यासाठी असते. ती विजेच्या मोटरीपेक्षा फार जुनी आहे.

गुजरातमधल्या लोथलला आणि सिंधमधल्या चन्हुदडोला हडप्पाकालीन मणी घडवण्याच्या जागा उत्खननात सापडल्या. अकीक (अ‍ॅगेट, गारगोटीच्या जातीचा कठीण दगड) घडवण्याची ही परंपरा पुढे गुजरातमधल्याच खंभातमध्ये नांदली, तिथे नर्मदेजवळच्या रतनपूरचा दगड येत असे. खंभातच्या कारागिरांची झिलईची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत तपशिलाने आली आहे. सुमारे दोन फूट लांबीची जाड चामड्याची पिशवी घ्यायची. तिच्यात मणी, कुरुंद या कठीण खनिजाची पूड आणि अकीकाचीच मऊ भुकटी भरून तोंड बांधायचं. पिशवीच्या मध्यावर पट्टा घालायचा आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांनी ती आळीपाळीने आपापल्या बाजूला ओढायची. हे दहा ते पंधरा दिवस चालायचं आणि आतला माल सतत ओलसर ठेवला जायचा. आजच्या टम्बलरचं, म्हणजे घरच्या फिरत्या ड्रमचं, तत्त्व हेच आहे. या छंदाचा इतिहास अमेरिकेतल्या गॅरेजपासून सुरू करायची पद्धत आहे, पण या पिशवीला त्यात मानाची जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं. (याच धंद्यात कोरडा दगड घासताना उडणाऱ्या धुळीने कित्येक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाला. दगडाचं काम ओलंच ठेवायचं, हे घरी करणाऱ्यानेही विसरू नये.)

जर्मनीत इडार-ओबरश्टाइनचे कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या वालुकाश्माच्या चाकांसमोर पालथे पडून एकेक अकीक हाताने दाबून घासत. तिथे मेहनत प्रत्येक दगडावर वेगळी होती.

ड्रमचा दुसरा धागा शास्त्रज्ञांकडे जातो. किनाऱ्यावरचे खडे गोल का असतात, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या यंत्रशास्त्रावरच्या ग्रंथातही आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच भूवैज्ञानिक ओग्युस्त दोब्रे यांनी ग्रॅनाइटचे तुकडे पाण्यासह फिरत्या नळकांड्यांत घालून नदीची नक्कल केली. अमेरिकेत चेस्टर वेंटवर्थ यांनी १९१९ मध्ये गोट्यांच्या झिजेवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. यांना चकाकी नको होती, झीज मोजायची होती.

मात्र दगड खरा झिजवते ती पूड. गारगोटी आणि अकीक मोहस यांच्या १८१२ च्या, एक ते दहा अशा कठीणपणाच्या मापनात सातच्या आसपास येतात, त्यामुळे त्यांना कापायला त्याहून कठीण काहीतरी लागतं. १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा करायच्या खटाटोपात होते, तेव्हा त्यांच्या हाती सिलिकॉन कार्बाइड लागलं. कार्बोरंडम हे नाव त्यांनीच दिलं. नऊच्या वर कठीण असलेली ही पूड कारखान्यात भरपूर होऊ लागली. माझ्या मते घरच्या छंदाचा पाया इथे पडला, मोटर नंतरची.

धातूच्या सुट्या भागांच्या धारदार कडा घासून बोथट करायला कारखान्यांत फिरती पिंपं आधीपासून होतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दगड गोळा करणाऱ्यांची लाट आली, १९४७ मध्ये ‘लॅपिडरी जर्नल’ हे नियतकालिक निघालं आणि लहान ड्रम घराघरांत शिरले. किनाऱ्यावरचे खडे उचलण्यावर बंधनं आली ती मात्र किनाऱ्याच्या रक्षणासाठी : खड्यांचा थर लाटांचा मारा सोसतो. ब्रिटनमध्ये १९४९ च्या कायद्याने किनाऱ्यावरचा माल उचलण्यावर बंधन आहे, तर सार्डिनियात २०१७ पासून वाळू किंवा खडे नेल्यास ५०० ते ३,००० युरो दंड होतो.

कृती फारशी बदललेली नाही. ड्रम अर्ध्याहून थोडा जास्त भरायचा, म्हणजे गोटे घसरत राहतात. फार रिकामा ठेवला तर ते आपटतात आणि त्याच चंद्रकोरी पुन्हा उमटतात. जाड पूड, मग मध्यम, मग बारीक आणि शेवटी चकाकी आणणारी अ‍ॅल्युमिनियम किंवा सेरियम ऑक्साइडची भुकटी, अशी प्रत्येक पायरी साधारण आठवडाभर चालते. समुद्राने आधीच गोल केलेल्या गोट्याला जाड पुडीत कमी दिवस पुरतात. चुनखडीचा मऊ खडा गारगोट्यांबरोबर टाकला तर त्याचा नुसता गाळ उरतो. दर पायरीला झाकण उघडलं की आत सिमेंटसारखा राखाडी चिखल असतो. तो मोरीत ओतू नये, नळीत घट्ट बसतो. आदल्या पुडीचा एक कण जरी मागे राहिला, तरी पुढची झिलई ओरखडली जाते, म्हणून गोटे आणि डबा दोन्ही घासून धुवायचे. शेवटी गोटा फडक्याने कोरडा करून उजेडात धरायचा. ओला असताना कच्चा गोटाही चमकतो, त्यामुळे पारख कोरड्यावरच होते.