पाण्यातील हायड्रोजन बंध

पाण्याचे रेणू ज्या विद्युत् आकर्षणाने एकमेकांना धरून असतात, त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. रेणूच्या आत ऑक्सिजन व हायड्रोजन यांना इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने जोडणारा सहसंयुज बंध वेगळा. या दोहोंची गल्लत पाठ्यपुस्तके वाचलेलेही करतात. पाणी उकळते तेव्हा हायड्रोजन बंध तुटतात, रेणू शाबूत राहतो.

ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढत असल्याने त्याच्यावर अंशतः ऋण आणि हायड्रोजनांवर अंशतः धन प्रभार येतो. रेणू सरळ असता, तर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना रद्द करती. पण तो सुमारे १०४.५ अंशांत वाकलेला असतो, म्हणून ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला ऋण व दुसऱ्या टोकाला धन, ठरतो. एका रेणूचा हायड्रोजन शेजाऱ्याच्या ऑक्सिजनवरील एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन जोडीकडे ओढला जातो. जोड्या दोन, हायड्रोजनही दोन. म्हणजे एका रेणूला चार शेजारी धरता येतात. पाण्याच्या गुणधर्मांचा असा उलगडा लॅटिमर व रोडबुश या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला.

एकेकटा बंध दुबळाच. तो तोडायला दर मोलला (रेणू, बंध मोजण्याचे एकक) २० किलोजूलच्या आसपास ऊर्जा पुरते. सहसंयुज बंधाला सुमारे ४६० लागते. शिवाय द्रव पाण्यात तो पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात, तुटतो आणि रेणू दुसरा शेजारी धरतो. तरीही संख्याबळावर परिणाम मोठा होतो. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्यापेक्षा जड, पण तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. पाण्याला १०० अंश लागतात.

पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागणे, हाही यातूनच येतो. कोरडी सुई पाण्यावर हलकेच आडवी ठेवली तर पृष्ठभाग तिच्याखाली किंचित खोलगट होतो आणि पोलादाची असूनही ती तरंगते. साबणाचा थेंब टाकताच हा ताण कमी होऊन ती बुडते.

बर्फात मात्र बंधांची संख्या नव्हे, दिशा निर्णायक ठरते. चारही शेजारी चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांवर ठरलेल्या जागी बसतात, षट्कोनी मांडणी होते आणि मध्ये पोकळ्या राहतात. म्हणून बर्फाची घनता ०.९१७ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर भरते व तो तरंगतो. वितळताना ही मांडणी ढासळून रेणू जवळ येतात, तर तापमान वाढेल तसे ते दूर सरकतात. या ओढाताणीत पाण्याची घनता सुमारे ४ अंशांना सर्वाधिक होते.

तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामागेही तेलाचा तिटकारा नाही. तेलाच्या रेणूंना हायड्रोजन बंध करता येत नाहीत, आणि आपसांतले बंध टिकवण्यासाठी पाण्याच्या रेणूंना त्यांच्याभोवती अधिक शिस्तीने उभे राहावे लागते. तेल एकत्र गोळा झाले की ही सक्ती कमी होते.